जकात चुकविणे ही चोरी आहे काय?



सोयाबीन घरात आले आणि कापसाचा दुसरा वेचा उरकला, की आमच्या फुलसावंगीत विहाराच्या ओट्यावर एकच विषय निघतो. यंदा गाडी कधी निघणार? गाडी म्हणजे बुद्धगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी आणि सारनाथ करून परत येणारी यात्रेची बस. महागाव, यवतमाळ, नागपूर, जबलपूर असा तिचा रस्ता. निम्म्या रात्री सीटवर बसूनच काढाव्या लागतात. तुमच्यापैकी अनेक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे आणि ही वाट तुम्ही प्रथमच धरणार आहात. तुम्ही विचारता, तिकडे थंडी किती असते, म्हाताऱ्या माणसाला झेपेल काय, नेपाळात जायला पासपोर्ट लागतो काय. पासपोर्ट लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात जो तह झाला, त्याने दोन्हीकडच्या नागरिकांना येणेजाणे मोकळे ठेवले आहे. निवडणुकीचे ओळखपत्र मात्र जवळ असू द्या. आपल्या गाडीला पलीकडच्या नाक्यावर कर भरून परवाना घ्यावा लागतो. त्याला तिकडे भन्सार म्हणतात. त्यात तास-दोन तास सहज मोडतात, तेवढ्यात जेवण उरकून घ्यावे.

हे सगळे तुम्हाला कोणीही सांगेल. मला जे सांगायचे आहे ते कोणी विचारीत नाही, आणि मीही ते पुष्कळ वर्षे कोणाला सांगितलेले नाही.

भगवान बुद्धांनी आपल्या अखेरच्या दिवसांत चार स्थळे श्रद्धावंताने पाहावी असे सांगितले. जन्माचे, बोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि महापरिनिर्वाणाचे. (पाहावी असे सांगितले, तेथे पाप धुतले जाते असे सांगितले नाही. माहूरच्या जत्रेची सवय असलेल्या आपल्या जुन्या माणसांना हा फरक समजावून सांगावा लागतो, पण तो आजचा विषय नाही.) या चारांपैकी तीन स्थळे आज भारतात आहेत. जन्मस्थळ लुंबिनी नेपाळात आहे. म्हणून बौद्ध माणसाच्या यात्रेत एक आंतरराष्ट्रीय सरहद्द येतेच. गोरखपूरहून उत्तरेला निघालेला रस्ता सोनौलीला सीमेवरच्या कमानीपाशी येतो, पलीकडे भैरहवा, आणि तेथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर.

१९८६ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. आमच्या गाडीत पन्नासेक माणसे होती. गाडीच्या तोंडावर पंचरंगी धम्मध्वज बांधलेला, बायका पांढऱ्या लुगड्यांत, आणि चालत्या गाडीत अखंड भीमगीते. त्या काळी आपल्या देशात परदेशी मालावर जबर जकात होती व पुष्कळसा माल आणण्यास बंदीच होती. नेपाळात तोच माल स्वस्त आणि उघड मिळे. जपानी घड्याळे, टेपरेकॉर्डर, घडीच्या छत्र्या यांनी तिथली दुकाने भरलेली असत. १९९१ नंतर आपल्याकडे आयात खुली झाली, जकाती उतरल्या आणि त्या घड्याळांची मातब्बरी गेली. आजच्या तरुणांना ती ओढ समजणार नाही. पण त्या वेळी नेपाळचे घड्याळ मनगटावर असणे ही मोठी गोष्ट होती.

लुंबिनीचे दर्शन झाले. परतीला भैरहव्यात गाडी थांबली, लोक बाजारात गेले. संध्याकाळ होऊन गेली होती. ट्रकांच्या रांगेत आमची गाडी उभी होती तेव्हा आमच्याच वस्तीतला एक माणूस माझ्या सीटपाशी आला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. फडक्यात बांधलेले एक गाठोडे त्याने माझ्या पायाशी सरकवले आणि म्हणाला, “गुरुजी, एवढं तुमच्याजवळ राहू द्या. तुमची पिशवी कोणी उघडून पाहात नाही.”

आत काय आहे हे मी विचारले नाही. विचारले नाही याचे कारण मला ठाऊक होते. मी पाय थोडे बाजूला केले, गाठोड्याला जागा झाली, वरून मी माझी शाल टाकली.

नाक्यावर कस्टमचा माणूस गाडीत चढला. हातात बॅटरी. त्याने दोन्ही बाजूंनी उजेड फिरवला. पांढरी लुगडी, म्हातारी माणसे, पुढे काचेवर बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती. त्याने एकही पिशवी उघडली नाही. खाली उतरता उतरता आपल्या सोबत्याला म्हणाला, “जाने दो, बुद्ध भगवान के यात्री हैं,” आणि मूर्तीला हात जोडून गेला. गाडी सुटली.

गाडी सुटल्यावर काही लोक हसले. मीही हसलो असेन.

गोरखपूर मागे पडले तरी झोप नव्हती. तो माणूस माझ्या शेजारी येऊन बसला व आपणहून बोलू लागला. त्याने साहुकाराकडून कर्ज काढून आपल्या आईला यात्रेला आणले होते. मागच्या सीटवर ती माय घोंगडी पांघरून झोपली होती. गाठोड्यात बारा घड्याळे होती. ती यवतमाळला विकली म्हणजे आईचे भाडे निघणार होते. तो म्हणाला, आपण कोणाच्या घरातले उचलले काय? दुकानदाराला रोख पैसे मोजले. सरकारचे बुडाले म्हणाल, तर सरकार म्हणजे कोण? मोठमोठे लोक जहाजाने माल उतरवतात, त्यांना कोणी धरीत नाही. आपल्या बापजाद्यांना या सरकारांनी काय दिले? मग त्याने एक घड्याळ काढून माझ्या हातात ठेवले. “तुमच्या मुलाची दहावी आहे न यंदा. असू द्या.” मी नको नको म्हटले आणि घेतले.

पहाटे गाडी सारनाथला पोहोचली. हीच ती जागा जेथे पाच भिक्खूंना भगवंतांनी अष्टांगिक मार्ग सांगितला. त्यात सम्यक आजीविका आहे, म्हणजे पोट कोणत्या मार्गाने भरावे त्याचा विचार आहे. धमेक स्तूपासमोर आम्ही सारे धुक्यात उभे राहिलो आणि पंचशील म्हणावयास मीच पुढे होतो, कारण मी गुरुजी. पहिले शील म्हटले. दुसऱ्यावर माझा आवाज बसला. लोकांना वाटले थंडीने बसला.

आता प्रश्न असा. दुसरे शील न दिलेली वस्तू घेण्याबद्दल आहे. जकात चुकविणाऱ्याने कोणाची वस्तू घेतली? आणि ज्याने नुसते पायाशी गाठोडे ठेवून घेतले, त्याने तर काहीच घेतले नाही. मग चोरी झाली कोठे?

मी हा प्रश्न मनाशी ठेवून बसलो असतो. पण पुढे विनयपिटक वाचावयास मिळाले आणि मला धक्का बसला. कारण माझे ते गाठोडे तेथे शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

भिक्खूंसाठी चोरीचा जो नियम आहे, दुसरा पाराजिक, तो कशावरून झाला हे आधी पाहा. राजगृहात धनिय नावाचा कुंभाराचा मुलगा भिक्खू झाला होता. त्याला कुटी बांधावयाची होती. नगराच्या डागडुजीसाठी राजा बिंबिसाराने राखून ठेवलेले लाकूड त्याने रखवालदाराकडून, राजाने दिले आहे असे सांगून, नेले. पुढे जाब विचारला तेव्हा म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळी राजाने गवत, लाकूड, पाणी श्रमण-ब्राह्मणांना दिले असे जाहीर केलेच होते! शब्दांत पकडून माल हलाल करण्याची ही युक्ती. राजाने त्याला सोडले, पण लोक खवळले, आणि भगवंतांनी नियम घातला. म्हणजे आपल्या धम्मात चोरीविरुद्धचा पहिला नियम हा कोणा सावकाराच्या तिजोरीवरून झालेला नाही. तो सरकारी मालावरून झालेला आहे. “सरकारचे म्हणजे कोणाचेच नाही” हे म्हणणे तेव्हाही होते.

त्याच नियमाच्या विवरणात जकात नाक्याचे स्वतंत्र कलम आहे. पाली शब्द सुंकघात. राजाने डोंगराच्या खिंडीत, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीवर जेथे जकात घेण्याची जागा ठरवली ती. भिक्खूने जकातीचा माल तेथून लपवून नेला आणि जकात पाच मासकांची किंवा त्याहून अधिक असली, तर पहिले पाऊल हद्दीबाहेर पडले की गंभीर दोष, आणि दुसरे पाऊल बाहेर पडले की पाराजिक. पाराजिक म्हणजे त्या क्षणापासून तो भिक्खू राहिला नाही. आत उभे राहून माल बाहेर फेकला तरी तेच. नाका टाळून आडवाटेने गेला तर हलका का होईना, दोष आहेच. दोन पावलांचा असा हिशेब मी दुसऱ्या कोणत्याही शास्त्रात वाचलेला नाही. सोनौलीच्या कमानीखालून आमची गाडी किती हळू गेली होती, ते मला हे वाचताना आठवले.

आणि पुढे उदाहरण आहे. एक भिक्खू तांड्याबरोबर लांबच्या प्रवासाला निघाला होता. एका माणसाने त्याला खाऊपिऊ घालून राजी केले आणि पुढे जकात नाका दिसताच एक मोलाचे रत्न त्याच्या हाती देऊन म्हणाला, भंते, एवढे नाक्यापलीकडे न्या. भिक्खूने नेले. मग त्याला पस्तावा झाला. निर्णय मिळाला, पाराजिक. रत्न त्याचे नव्हते, फायदा त्याचा नव्हता, नुसते नेऊन देण्याचे काम त्याचे. तो माणूस भिक्खूकडेच का गेला हे सांगायला नको. चीवर घातलेल्याची झोळी कोणी उघडून पाहात नाही.

आपण भिक्खू नाही. पाराजिकाची शिक्षा उपासकाला लागू नाही, हे खरे आहे. पण चोरी या शब्दाचा अर्थ भिक्खूला एक आणि उपासकाला दुसरा असा असू शकत नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिला लहान चोरी-मोठी चोरी अशी पुरवणी जोडलेली नाही.

तरीही त्या माणसाच्या बोलण्यातले एक म्हणणे मला सहज टाकता येत नाही. या राज्याने आपल्याला काय दिले? हे साधे गाऱ्हाणे नाही. फुलसावंगीहून माहूरला जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. १९४८ साली निजामाची सत्ता संपेपर्यंत ती नदी म्हणजे सरहद्दच होती. अलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. निजामाच्या जकातीला करोडगिरी म्हणत. नदीच्या या काठाला आणि त्या काठाला आपली माणसे होती, आणि दोन्ही राज्यांत ती वेशीबाहेरच होती. अशा राज्यांची जकात चुकविली तर ती चोरी कशी म्हणावी? ज्या घरात आपल्याला पाऊल टाकू देत नाहीत त्या घराच्या खर्चाची वर्गणी आपण का द्यावी?

मला याचे उत्तर बाबासाहेबांच्या वागण्यात सापडते. राज्य कर कोणावर बसवते आणि खर्च कोणावर करते, हा त्यांच्या तरुणपणाच्या अभ्यासाचा विषयच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारणावर त्यांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला. गरिबाला पिळणाऱ्या कराविरुद्ध त्यांनी नाव घालून लिहिले, छापून प्रसिद्ध केले. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते दिवसाढवळ्या, हजारोंच्या समक्ष. तेथे तर आपण कायदाही मोडला नव्हता. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला होता. आपण आपला हक्क उजेडात बजावला. अन्यायाचा कर असेल तर त्याविरुद्ध उभे राहण्याची ही रीत आहे. शालीखाली गाठोडे लपवणाऱ्याला त्या रीतीचे नाव घेता येत नाही. त्याला कर बदलायचा नसतो. उलट जकात जितकी जबर, तितका त्याचा नफा मोठा.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली, तीही येथेच सांगतो. लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ साली त्यावरचा ब्राह्मी लेख उजेडात आला. आम्ही १९८६ साली त्या स्तंभाला प्रदक्षिणा घातली, फुले वाहिली, फोटो काढले. लेखात काय कोरले आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्यात लिहिले आहे, की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला, भगवान बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने दगडी स्तंभ उभारला, आणि या गावाचा बली नावाचा कर माफ करून उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. भगवंतांच्या जन्मस्थळी असलेला तो लेख कराबद्दल आहे! सूट दिली ती राजाने उघडपणे दिली आणि दगडावर कोरून ठेवली. त्या स्तंभापासून निघून दोन-तीन तासांतच मी माझी सूट मलाच दिली होती, अंधारात.

पण जकात बुडाली हे मला आज तितके टोचत नाही. टोचतो तो हात जोडणारा माणूस. त्याने आमच्या पिशव्या उघडल्या नाहीत, त्या गाडीवरचा ध्वज पाहून. बारा घड्याळे त्या ध्वजाच्या आडून आली. आपल्याला या देशात कोणी पत दिली नाही, उधारीवर मीठ दिले नाही, असे आपले वडील सांगत. येथे एका अनोळखी माणसाने पत दिली आणि ती माझ्या नावावर नव्हे, बुद्धाच्या नावावर दिली. ती मी खर्चून टाकली. त्यानंतर त्या नाक्यावरून पांढऱ्या लुगड्यांची जी गाडी गेली असेल, तिला तो अधिकारी काय म्हणाला असेल, मला माहीत नाही.

तुम्ही विचाराल, मग गुरुजी, गाडीत कोणी असे गाठोडे आणले तर आम्ही काय करावे, पोलिसाला सांगावे काय? विनयात यावरही एक प्रसंग आहे. राजगृहाहून एक तांडा निघाला होता. एका भिक्खूने, मी तुमच्याबरोबर येतो, असे म्हटले. ते म्हणाले, आम्ही जकात चुकविणार आहोत. तो म्हणाला, तुमचे तुम्ही जाणा, आणि त्यांच्याबरोबर गेला. नाकेदारांनी वाटेत तांडा पकडला, भिक्खूलाही अडकवून चौकशी केली, मग सोडले. त्यावरून पाचित्तियाचा नियम झाला, की जाणूनबुजून, ठरवून चोरांच्या तांड्याबरोबर जाऊ नये. जाणून गेला तर दोष. शंका असून गेला तर हलका दोष. ठाऊक नसेल तर दोष नाही. न ठरवता गेला किंवा संकटात गेला, तरी दोष नाही. “तुमचे तुम्ही जाणा” हे उत्तर भगवंतांनी पुरेसे मानले नाही, एवढे लक्षात ठेवा. माझे मत विचाराल तर प्रवासात प्रत्येकाने दुसऱ्याच्या पिशवीचा पहारेकरी होऊ नये, त्याने गाडीत विष कालवले जाते. पण गाठोडे मांडीवर घेऊ नये, आत काय ते तोंडावर विचारावे, आणि नाक्यावर आपल्याला विचारले तर खोटे बोलू नये. हे अवघड आहे. मागणारा परका नसतो. तो “ताई”, “मावशी”, “गुरुजी” म्हणूनच मागतो, आणि बहुधा बायकांकडेच मागतो, कारण लुगड्याखालचे कोणी तपासत नाही. घरातल्या पुरुषांनी निघण्यापूर्वीच आपल्या बायकांना सांगून ठेवावे, की नाही म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने आहे.

आणि त्या माणसाचे काय? त्याला मी चोर म्हणत नाही, निदान माझ्याहून मोठा चोर म्हणत नाही. त्याला आई दाखवायची होती लुंबिनी. गाडीत पन्नास माणसे होतो. एका म्हातारीचे भाडे आम्ही सगळ्यांनी मिळून उचलले असते, तर माणशी किती आले असते? यात्रेला निघताना हा हिशेब कोणी मांडला नाही. साहुकार मात्र तो मांडून बसला होता. ती माय पुढे दोन वर्षांनी गेली. लुंबिनीच्या मातीची पुडी तिने उशाशी ठेवली होती, असे तिच्या सुनेने मला सांगितले.

ते घड्याळ माझ्या मुलाने दहावीच्या परीक्षेत बांधले. त्याला मी कधी काही बोललो नाही. पट्टा तुटला, पुढे यंत्रही बंद पडले. माझ्या पेटीत ते अजून आहे.

यंदाच्या गाडीत आम्ही एक डबा ठेवणार आहोत. निघताना ज्याला जमेल त्याने त्यात जमेल तेवढे टाकायचे, आणि ज्याच्या म्हाताऱ्या माणसाचे भाडे कमी पडत असेल त्याचे त्यातून भरायचे. उरलेला डबा भैरहव्यात पुन्हा उघडायचा. तेथे प्रत्येकाने आपली खरेदी आपल्या मांडीवर घ्यायची. कोणत्या मालावर किती जकात हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून नाक्यावर आपण होऊन विचारायचे, जी निघेल ती भरून पावती घ्यायची, आणि ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याची डब्यातून भरायची. त्या माणसाच्या नातवाने दोन सीटा सांगितल्या आहेत, आणि डबा सांभाळण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. आजोबाची गोष्ट त्याला ठाऊक आहे की नाही, मी विचारले नाही. डब्यात पहिले पैसे मी टाकले. त्या एका घड्याळाची १९८६ साली जकात किती झाली असती याचा हिशेब मला लागला नाही, तेव्हा अंदाजाने टाकले.